नरम मेण

सनई शिकायला माझ्याकडे येणारी मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, ऐकायचं कुणाला? मी देशभर गाजलेली चार नावं सांगतो, त्यांच्या तबकड्या कुठे मिळतील तेही सांगतो. पाचवं नाव ओठापर्यंत येतं आणि मी ते गिळतो. ते माझ्या धाकट्या चुलतभावाचं. खरं सांगायचं तर त्याच्याइतकं कान देऊन मी आयुष्यात दुसऱ्या कुणालाच ऐकलेलं नाही. प्रेमाने ऐकलं असं कुणी समजू नये. जळफळत ऐकलं.

आमचं गाव मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीला लागून. ग्रामदेवतेच्या देवळात सनई वाजवायचा मान आमच्या घराकडे, आणि त्या सेवेपोटी भातशेतीचे दोन कुणगे, म्हणजे लहान तुकडे. चुलते लवकर गेले, म्हणून हा चुलतभाऊ आमच्याकडेच वाढला. वडिलांनी दोघांना एकाच ओटीवर बसवून शिकवलं. सनईला दोन माणसं लागतात. एक वाजवतो, दुसरा त्याच्यामागे दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून उभा राहतो. मी थोरला, म्हणून मी वाजवायचं आणि त्यानं सूर धरायचा, हे न बोलता ठरलेलं होतं. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वडील थकल्यावर पालखीपुढे मी वाजवायला लागलो, आणि सात वर्षं त्यानं माझ्यामागे हेच केलं. लोक त्याच्याकडे बघतही नसत, आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

वडील वारले त्याच वर्षी तो मुंबईला गेला. गिरणीत लागला, लग्नांत वाजवायला लागला, कुणा मोठ्या वादकाच्या हाताखाली राहिला. पत्रं यायची, ती माझी बायको वाचून दाखवायची. मी ‘बरं’ म्हणायचो आणि उठून गोठ्यात जायचो.

मग एक दिवस तो रेडिओवर आला. गावात रेडिओ एकच, किराणा दुकानदाराकडे, त्याच्या बोटीवर असलेल्या मुलानं आणलेला. सकाळची वेळ होती. दुकानदारानं मला रस्त्यावरूनच हाक मारली आणि बाकावर बसवलं. आठदहा माणसं आधीच जमलेली होती. निवेदकानं नाव सांगितलं, आमचं आडनाव त्या पेटीतून बाहेर पडलं, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. हसणं भागच होतं.

तो वाजवायला लागला तसा मी चुका शोधायला लागलो. पहिली पाच मिनिटं एकही सापडली नाही. मग सूर वरून खाली आणताना वडील एका ठिकाणी जरासे रेंगाळायचे, ती त्यांची खास जागा त्यानं घेतली. ती जागा वडिलांनी मला शंभर वेळा दाखवली होती आणि मला ती कधी साधली नव्हती. त्याला कधी दाखवल्याचं मी पाहिलं नव्हतं. माझ्या शिकवणीच्या वेळी मागे बसून त्यानं ती नुसती ऐकली असणार. संपल्यावर दुकानदारानं डोळे पुसले.

“तुझ्या बापाशीची आठवण इली रे,” तो मला म्हणाला.

वडील गेल्यानंतरही प्रत्येक जत्रेला त्या देवळात मीच वाजवत होतो. हे वाक्य मला एकदाही कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यानंतर त्याचा कार्यक्रम असला की मी दुकानात हजर. ऐकायला आलो असं म्हणायची लाज, म्हणून दर वेळी एक काड्यापेटी विकत घ्यायचो. फळीवर काड्यापेट्यांची रास लागली. घर पेटवायचा विचार आहे का, असं बायकोनं विचारलंच. ऐकलेलं सगळं मी घरी येऊन वाजवून बघायचो, दार लावून. त्याच्या कितीतरी जागा मी अशा चोरल्या. माझी सनई त्यामुळे सुधारली, हेही कबूल करतो. चोरी करायला लागते म्हणून राग मात्र दुप्पट यायचा.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. भाऊ गेल्यापासून माझ्यामागे सूर धरणारा आमच्याच घराण्यातला म्हातारा त्या पावसाळ्यात दम्यानं अंथरुणाला खिळला. जत्रा तोंडावर आली आणि देवळाच्या मुख्य मानकऱ्यांनी मला न विचारता मुंबईला कार्ड टाकलं. भाऊ आला, पांढरा लेंगा, पायात पॉलिश केलेले जोडे. मला वाकून नमस्कार केला. मानकऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की यंदा त्याला वाजवू दे, गावाची इच्छा आहे, सूर तू धर. सूर घरच्याच माणसानं धरायला हवा, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी मान हलवली. पुढच्या वर्षीही गावाची हीच इच्छा असेल, त्याच्या पुढच्या वर्षीही असेल, आणि मी मरेपर्यंत धाकट्या भावाच्या पाठीमागे गाल फुगवून उभा असेन, हे मला स्पष्ट दिसत होतं. देवळापुढे वाजवणं सोडून माझ्याकडे दुसरं काय होतं? गिरणी नव्हती, रेडिओ नव्हता.

आमच्या देवळाचा रिवाज असा, की पालखी देवळाभोवती पाच फेऱ्या घालून आत बसेपर्यंत सूर तुटता कामा नये. तुटला तर पालखी जागच्या जागी उभी राहते, देवीला गाऱ्हाणं पुन्हा घालावं लागतं आणि सूर धरणाऱ्याची गावभर शोभा होते. तेव्हा सूर तोडण्याचा प्रश्नच नव्हता. पण सुराच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, आणि कुठलं भोक किती बुजवलंय यावर सूर ठरतो. मेणात राळ घालून कढवलं तर ते घट्ट बसतं, उन्हाला दाद देत नाही. नुसतंच मेण बोटांत मळून लावलं तर ऊन आणि तोंडची वाफ लागून ते सैल पडतं, भोक उघडत जातं आणि सूर केसाकेसानं वर चढतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की वाजवणाराच बेसूर झाला. सूर धरणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

जत्रेच्या सकाळी मी एका भोकातलं जुनं मेण काढलं आणि नरम मेण लावलं. हात थरथरले नाहीत. ते थरथरले होते असं लिहायला मला आवडलं असतं.

पालखी दुपारी निघाली. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत आम्ही उन्हाच्या बाजूला आलो आणि माझा सूर हलला. मला लगेच कळलं. त्यालाही कळलं, कारण त्यानं तिरक्या नजरेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. आता हा फसणार, लोक एकमेकांकडे बघणार, मानकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, अशी मी वाट पाहत राहिलो. तसं काही होईना. त्यानं सनईची पत्ती ओठांत आणखी आत घेतली होती आणि माझा सूर जिथे जाईल तिथे तो माझ्या पाठोपाठ येत होता. तिसऱ्या फेरीला सूर आणखी चढला. त्यानं वाजवणं कमी केलं, चारच स्वर ठेवले, ते चार असे लांबवले की बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. पाचव्या फेरीला आम्ही कुठल्या कुठे येऊन पोचलो होतो. गावात कुणालाही पत्ता नव्हता.

पालखी बसली. मानकऱ्यांनी त्याच्या हातात नारळ दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, की यापुढे दर वर्षी पालखीपुढे तूच वाजवशील का. तोंड धुऊन येतो, मग सांगतो, असं म्हणून तो देवळामागच्या विहिरीवर गेला. मला त्यानं खुणेनं बोलावलं.

त्यानं माझ्या हातातली सनई घेतली आणि भोकावर अंगठा दाबला. मेण अंगठ्याला चिकटून आलं.

“राळ घालूक नाय,” तो म्हणाला.

“इसारलंय,” मी म्हणालो.

“खोटा कित्याक बोलतंस, दादा? सात वर्सां तुझो सूर मी धरलंय. दर जत्रेक माझ्या खिशात असोच नरम मेणाचो गोळो असायचो.”

मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. म्हणजे हाही माझ्यासारखाच. ह्यालाही माझं पुढे उभं राहणं सहन होत नव्हतं. सात वर्षं कुणीतरी माझाही हेवा केला होता, आणि तोही यानं. मी जवळजवळ हसलोच.

“मगे लावलंस कित्याक नाय?” मी विचारलं.

त्यानं मेण पायरीला पुसलं. उत्तर देताना तो मला दुखवायला बघत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

“सूर चढलो असतो तर तुका सावरूक जमला नसता,” तो म्हणाला. “काकांची मान सगळ्या गावासमोर खाली गेली असती.”

मग त्यानं तोंड धुतलं, देवळात जाऊन मानकऱ्यांना सांगितलं की गिरणीतून दर वर्षी रजा मिळणार नाही, सनई माझ्या दादाकडेच राहू दे. ती राहिली. पुढे कितीतरी जत्रांना पालखीपुढे मीच वाजवलं. त्याची बोटं, त्याचा श्वास, त्याचा रेडिओ, वडिलांची ती जागा, हे सगळं मी त्याला हळूहळू माफ केलं. विहिरीवरचं ते एक वाक्य तेवढं अजून माफ करता आलेलं नाही, कारण ते खरं होतं.