अडकलेले आकडे

आमच्या जुन्या ॲम्बेसिडरचा वेगाचा काटा हलायचा, पण किलोमीटरचे आकडे अडकले होते. पेट्रोलचा काटा तर कधीचाच बंद. मिस्टर गाडी चालवायचे तेव्हा आकडे फिरत होते; किलोमीटर बघूनच ते पेट्रोल भरायचे. त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, आणि चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. एकदा धावड्याहून येताना पेट्रोल संपलं आणि भर उन्हात रस्त्यात उभी राहिले. तिथंच ठरवलं, हे आकडे चालू करायचे.

जाफराबादच्या मेकॅनिकनं हात झटकले. "ताई, याचं सामान मिळत न्हाई."

"राहू दे," मिस्टर म्हणाले. "अंदाजानं भरत जा."

"अंदाजानंच तर फसले."

शिलाई मशीन मी वर्षानुवर्षं घरीच खोलत आले होते. तेच पेचकस घेऊन मीटर काढलं. आतली दांडी फिरायची, पण तिच्यावरचं दातेरी चाक ढिलं झाल्यानं जागेवरच राहायचं. चाक गोंदानं चिकटवलं, मीटर बसवलं, निघाले. वेशीपर्यंत आकडे सरकले आणि पुन्हा थांबले. गोंद ओघळून आकड्यांच्या चकत्यांत गेला होता.

"मी बोललो होतो," मिस्टर म्हणाले.

मी मीटर परत खोललं. ब्लेडनं चकत्या खरवडल्या, वाळलेलं ग्रीस रॉकेलनं धुतलं. ते खुर्चीतून बघत होते.

"दांडी घासून घे," थोड्या वेळानं म्हणाले. "गुळगुळीत दांडीला काय चिकटणार?"

बरोबर होतं. मी पॉलिश पेपरनं दांडी घासली. त्यांनी डाव्या हातानं मीटर घट्ट धरलं आणि मी सुईच्या टोकानं गोंदाचा एकच थेंब सोडला. या वेळी पुरतं वाळू दिलं.

आजारपणानंतर ते माझ्या शेजारच्या सीटवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी न बोलावता येऊन बसले. कपाशीच्या शेतांमधून निघालो. माझी नजर खड्ड्यांवर, त्यांची मीटरवर.

"सरकला," ते म्हणाले. जरा पुढं गेल्यावर, "आता बाजूचा पण वर येऊन राह्यला."

"थांबवू? मला बघायचंय."

"थांबू नको. चालव."

फाट्यावर चहा घेताना मी आकडे डोळे भरून पाहून घेतले. परतताना त्यांनी माझ्या ब्रेक मारण्यावरून मला दोनदा टोकलं. मी ऐकून घेतलं, गाडी मात्र माझ्याच पद्धतीनं चालवली.