अण्णांची बोटं

आमचे वडगावचे शेजारी अण्णा यांच्याइतके स्वच्छ हात त्या काळी अख्ख्या बेळगावात नव्हते. मुंगळासुद्धा त्यांच्या उंबऱ्यावर सहाही पाय पुसून मगच आत शिरायचा. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. मूळचे अण्णा असे नव्हते हं. हातमागावर साड्या विणणारा माणूस. धागा तुटला की बोट जिभेला लावायचं, दोन टोकं पिळायची, झालं. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या लुगड्यांत त्यांची थुंकी विणलेली होती.

मग एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी आक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, आतडं कापावं लागलं. उरलेल्याला घासभर अन्न पेलेना. डॉक्टरांनी गळ्याखालच्या मोठ्या शिरेत बारीक नळी बसवली, पोषणाच्या बाटल्या घरी दिल्या आणि बजावलं, "आतडं सावरेपर्यंत यांचं जेवण हेच. पण तुमच्या हाताची घाण नळीतून थेट रक्तात जाईल. थंडी वाजून ताप आला, तर जिवावर बेतेल."

आता नळी दिसायला धाग्यासारखी. पहिली बाटली जोडताना अण्णांचं बोट सवयीनं निघालं जिभेकडे! आक्का खाटेवरून ओरडल्या, "अवो! मी काय लुगडं हाय व्हय?"

त्या दिवसापासून अण्णांनी तोंडाला फडकं बांधलं. हात कोपरापर्यंत धुवायचे, नळीचं तोंड स्पिरिटनं चोळायचं, परत धुवायचे. हातावरच्या रेषा इतक्या झिजल्या, की दारावर आलेला ज्योतिषी हात बघून मुकाट परत गेला. कंग्राळीचे मेहुणे बहिणीला बघायला आले, त्यांना तीनदा धुवायला लावलं.

"दाजी, कातडं जाईल की!"

"जाऊ दे रं. कातडं नवं येतंय. तुझी भन नवी मिळत न्हाय."

कापसाचे बारीक तंतू उडू नयेत म्हणून माग बंद. दुपारी सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी शांत व्हायची. कवडसा बाटलीत उतरायचा, थेंब पडत राहायचे, आणि आक्का मिटल्या डोळ्यांनी विचारायच्या, "आज काय वाढलंय?"

"ह्यो थेंब झुणक्याचा," अण्णा फडक्याआडून म्हणायचे. "आता येतोय तो वांग्याचा. सावकाश जेव गं."

ताप शेवटपर्यंत आला नाही. काही महिन्यांनी नळी निघाली, आक्का पेज प्यायल्या आणि माग पुन्हा सुरू झाला. पहिलाच धागा तुटला. अण्णांचं बोट वर गेलं आणि अर्ध्या वाटेत थांबलं. ते उठून मोरीकडे गेले.

"अवो, आता लुगडंच हाय की ते!" आक्का हसत म्हणाल्या. पण अण्णा कोपरापर्यंत हात धूत राहिले.

आज दोघंही नाहीत. ते लुगडं तेव्हा आम्हीच विकत घेतलं, ते अजून आमच्या ट्रंकेत आहे. कधी बाहेर काढावंसं वाटलं, की मी आधी मोरीवर जातो.