नानांची नळी, हरण्याची वेसण

आधीच सांगते — भुताखेतांच्या गोष्टी कोणी काढल्या की मी उठून भांडी घासायला जाते. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. माणसं येताना पाहिली, जाताना पाहिली, भूत काही भेटलं नाही. पण गेल्या पोळ्याला जे घडलं ते... तुम्हीच ठरवा.

माझे सासरे, नाना, एरंडोलजवळच्या गावात शेती बघतात. त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि आम्ही त्यांना माझ्याच दवाखान्यात आणलं. डावी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. मग नाकातून पोटात नळी. दूध, पेज सगळं त्यातूनच. आता नळी जागेवर टिकवण्यात मी वॉर्डातली उस्ताद बरं का! कातडी कोरडी पुसायची, चिकटपट्टी पायजम्यासारखी चिरायची, वरचा भाग नाकावर, खालचे दोन पाय नळीभोवती गुंडाळायचे. माझी पट्टी सहसा सुटत नाही.

नानांची सुटायची. रोज! शेवटी चोर सापडला — माझ्या सासूबाई, नानी. "तोंड कितलं सुकी गयं त्यासनं," म्हणून गुपचूप त्यांच्या नाकाला, गालाला शेंगदाण्याचं तेल चोपडत होत्या.

"अहो नानी, तेलावर पट्टी टिकते होय?" मी कपाळावर हात मारला.

तेल बंद झालं, पट्टी बसली, तर नाना उजव्या हाताने नळीच उपसायला लागले. आणि त्यात गावाहून धाकट्या दिराचा फोन — "वहिनी, हरण्याने आज वेसण तोडली." हरण्या म्हणजे नानांचा लाडका बैल. आधी मी हसले. पण नाना नळी काढतील त्याच दिवशी हा पठ्ठ्या गव्हाणीला नाक घासून वेसण तोडणार... नेमाने!

"दोन्हीसना जीव एकच शे," नानी म्हणायच्या.

"हो, आणि दोघं मिळून माझा जीव घेणार," मी म्हणायचे.

मग डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. नळी पुन्हा निघाली आणि दूध छातीत गेलं तर भारी पडेल. एक तर हात बांधा, नाहीतर पोटाला भोक पाडून नळी घालू. नानांचा तेवढा एकच हात चालत होता हो... तोच बांधायचा? मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्याकडे त्या दिवशी बैलाची जुनी वेसण काढून नवी घालतात. दुपारी नानींनी गावी फोन लावला आणि अख्खा वॉर्ड ऐकेल अशा ओरडल्या, "हरण्यानी वेसण काढी टाका! नवी घालू नका! मांडा खावाडा त्याले!" मांडा म्हणजे खापरावर भाजलेली आमची मोठ्ठी पुरणपोळी.

"नानी, हळू! दवाखाना आहे," मी म्हटलं. तेवढ्यात नळीपर्यंत गेलेला नानांचा हात आपोआप चादरीवर उतरला. मी बघतच राहिले. थोड्या वेळाने त्यांचा जबडा हलायला लागला, काहीतरी चघळत असल्यासारखा. आणि गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. नाना गिळत होते!

मी अशी पळाले की एक चप्पल वॉर्डातच राहिली. डॉक्टरांनी नानांना बसवून चमचाभर पाणी दिलं. गेलं! ठसका नाही, काही नाही. पुढे काही दिवस ते हळूहळू तपासत राहिले आणि तोवर नानांनी नळीला बोटसुद्धा लावलं नाही. मग मीच पट्टी ओली करून सोडवली, नळी काढली आणि सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

डॉक्टर म्हणाले, मेंदूची सूज उतरली की गिळणं परत येतं. पटतं मला, नर्स आहे मी.

पण नळी काढली त्याच संध्याकाळी नाना पहिल्यांदा बोलले. जड जिभेने, चक्क रागावून... "गूळ कमी पडना व्हता... मांडामा."

कोणी दिला यांना मांडा? नानी माझ्याकडे बघतायत, मी नानींकडे. मी गावी जावेला फोन लावला. पोळ्याच्या मांड्यात गूळ कमी होता का, विचारलं.

"ताई, हरण्याचा मांडा शेवटी केला... तोवर गूळ संपला होता. मी घरात कोणालाच बोलले नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

काय सांगू तिला? मागे नानी हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि नाना मांड्यावरून कुरकुरतच होते.