बटणाचा मान आणि माझी बी.एस्सी.

आमच्या घराचा देवळातला मान घालवण्याएवढं शिक्षण तीन पिढ्यांत एकानेच घेतलं, तो मी.

पेणजवळ खाडीकाठी आमची वाडी आहे. जत्रेच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळाची रोषणाई ज्या बटणाने सुरू होते, ते दाबायचा मान आमच्याकडे होता. कारण वाडीत वीज आली तेव्हा देवळाला पहिली ट्यूब माझ्या आजोबांनी दिली. ट्यूबवर लाल रंगात आजोबांचं नाव, वाडीचं नाव आणि 'सप्रेम भेट'. (एवढं लिहिल्यावर उजेडाला बाहेर पडायला जागा उरत नाही, पण देणगीदार अंधारात राहत नाही.)

आजोबांनंतर मान बाबांकडे आला. बाबा डोलवीला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली राबले. तिथे त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही. जत्रेच्या संध्याकाळी मात्र इस्त्रीचा सदरा घालून ते बटणापाशी उभे राहत, पुजारी "दाबा" म्हणे आणि सगळी वाडी त्यांच्या एका बोटाकडे बघत असे. उरलेलं वर्ष बाबा त्या बोटावर काढत. डबल शिफ्ट करून त्यांनी मला शिकवलं, ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मी फेडायचा प्रयत्न केला, त्याचीच ही हकीकत.

मी रोह्याला शाळेत विज्ञान शिकवतो, राहतो जवळच वरशाला. शाळेच्या प्रदर्शनात मी 'जुने बल्ब आणि ट्यूब : वय कसे ओळखावे?' असा तक्ता लावला होता. बाबा तो बघायला आले. एक अक्षर कळलं नाही, म्हणून फारच खूश झाले आणि वाडीभर सांगत सुटले, "आमचा पोर दिवा बघून त्याचा जन्म सांगतो."

हे त्यांच्या चुलतभावाने, दामूकाकांनी, नीट ऐकून ठेवलं. जत्रेच्या सभेला ते बिस्किटांचा डबा घेऊन आले. डब्यात कापूस, कापसात बल्ब.

"ट्यूब नंतर आली. आधी देवळात आमच्या बापाचा हा बल्ब लागला व्हता. मान आमचा."

"कशावरून?" बाबांनी विचारलं.

"तुझ्या घरातच हाय की तपासणारा. बोलव त्याला. आपल्याला निकाल मान्य."

मी रविवारी गाडीने पेणला उतरलो, तो शाळेची जाडी मोजायची व्हर्नियर कॅलिपर घेऊन. (मुख्याध्यापकांची परवानगी काढून. आयुष्यात परवानगीशिवाय मी काहीच केलेलं नाही, नुकसानसुद्धा.)

सभामंडपात सगळी वाडी बसलेली. आधी बल्ब घेतला. टोपी पितळेची, म्हणजे बल्ब जुना हे नक्की. पण काचेवरचा शिक्का गायब.

"शिक्का कुठे गेला, काका?"

"आई दर दिवाळीला राखेने घासायची. चकचकीत ठेवलाय का नाय?"

"मग साल सांगता येणार नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते उठलेच. "झाला निकाल. चहा आणा गो."

"थांबा बाबा, ट्यूब तपासायची राहिली."

"ती कशाला? लागलीय ती लागू दे."

"नाही बाबा, एकाच बाजूचं बघणं बरोबर नाही." मी शिडी मागवली. बाबा खोकले.

ट्यूब उतरवली. टोकाजवळ बारीक छाप होता, एक अक्षर आणि एक आकडा. मी सगळ्यांना समजावलं की आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक. आकडा होता आठ. वाडीत वीज आलेल्या सालाचा शेवटचा अंकही आठच. मंडपात टाळ्या पडल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. दामूकाका डब्याचं झाकण लावू लागले.

इथे कुठलाही समंजस माणूस खाली बसला असता. मी पदवीधर होतो.

"पण," मी म्हणालो, "आठ दर दहा वर्षांनी येतो."

बाबा पुन्हा खोकले. मी म्हटलं, धूळ असेल, आणि त्यांना पाणी द्यायला सांगितलं. मग कॅलिपर लावली. "पहिल्या काळातली ट्यूब जवळजवळ दीड इंच जाड असायची. ही जेमतेम इंचभर. असल्या बारीक ट्यूब पुष्कळ नंतर आल्या." बाबांचा खोकला आता थांबेना. "म्हणजे हा आठ वेगळा. शास्त्रीय दृष्ट्या ही पहिली ट्यूब नव्हे."

मी टाळ्यांची वाट बघत उभा.

"अरे, नव्हेच ती," बाबा हळूच म्हणाले. "उडाली की मी नवी लावतो. पेणला गणपतीचे डोळे रंगवणाऱ्याकडून नाव लिहून आणतो. गणपती दरसाल नवा आणतो, म्हणून देव बदलतो काय?"

"आम्हाला ठावं हाय," दामूकाका म्हणाले. "दर वेळी शिडी मीच धरतो."

मी उडालोच. "मग काका, अडलं कुठे? ठिकाण तेच, नाव तेच. मान बाबांचाच की."

"तसंच चाललं व्हतं, पोरा. पण आता तू माप लावून नाय म्हणालास." काकांनी बल्ब कापसातून बाहेर काढला. "आम्ही पडलो अडाणी. ग्रॅज्युएटच्या वर कसं बोलणार?"

मी पुष्कळ बोललो. नमुना, मूळ देणगी, परंपरा, सगळं. जेवढं समजावत गेलो तेवढी माणसं मान डोलावत गेली आणि तेवढा निकाल पक्का होत गेला. बाबांनी एकदाही माझं म्हणणं खोडलं नाही. भर सभेत पोराला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

जत्रेला बटण दामूकाकांनी दाबलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, फक्त बायकांच्या रांगेमागे उभे राहिले. रोषणाई लागल्यावर मी त्यांच्या शेजारी गेलो. म्हटलं, "बाबा, चुकलंच माझं."

बाबा दिव्यांकडे बघत शांतपणे म्हणाले, "नाय रे. येवढा शिकलास म्हणून जमला. अडाणी माणसाचा काम नव्हता हा."

माझ्या पदवीचं बाबांनी माझ्या तोंडावर केलेलं हे एकमेव कौतुक.