आचाऱ्याचं पदक

मावशी रोज सकाळी संग्रहालयातल्या नाण्यांच्या दालनाची फरशी पुसायची आणि पुसता पुसता राजेरजवाड्यांची यथेच्छ खरडपट्टी काढायची. ज्यांनी जन्मात हातात झाडू धरला नाही त्यांची तोंडं सोन्यावर, आणि ज्यांनी घाम गाळला त्यांचं नखसुद्धा कुठे दिसत नाही, हे तिला मुळीच पटत नसे. एका सम्राटाचं नाक झिजून सपाट झालं होतं. त्याला ती नकट्या म्हणायची आणि त्याची काच उरकल्यासारखी पुसायची.

शेवटच्या कपाटाशी मात्र ती रेंगाळायची. तिथे जुन्या लढायांतली पदकं होती आणि त्यांत तिच्या नवऱ्याचं एक. नवरा सैन्यात आचारी. तो गेल्यावर जावयाने पदक विकायचा घाट घातला, तेव्हा मावशीने ते सरळ संग्रहालयाला देऊन टाकलं. हयातभर नवऱ्याशी भांडली, ती भांडणं आता काचेतून चालायची. "घोरणं थांबलं एकदाचं! बसा आता राजांच्या पंगतीत."

शाळेची पोरं आली की मावशीला चेव यायचा. आज नवऱ्याने दोन साहेब खांद्यावर वाहून आणले, उद्या पुलाखालचा बॉम्ब नुसत्या हातांनी उपटला. पोरं आ वासून ऐकायची. थापांना कुठे भांडवल लागतं!

तेच अंगाशी आलं. नव्या मुख्य अधिकारी बाईंना जुन्या नाण्यांचा एक मोठा साठा मांडायला जागा हवी होती. ज्या पदकामागची हकीकत पक्की नाही ते तळघरात जाणार, असं ठरलं. तळघराची किल्ली झाडणाऱ्यांच्या हाती देत नसत. बाईंनी मावशीला बोलावलं.

"मावशी, एक शाळा म्हणते पूल, दुसरी म्हणते खांद्यावरचे साहेब. खरं काय घडलं?"

खरं काय ते नवऱ्याने मावशीला एकदाच सांगितलं होतं आणि कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील, अशी शपथ घातली होती. ते तोंड तर केव्हाच पाहून झालं होतं. तरी तिची जीभ रेटेना.

"साखरेची पोती घेऊन खेचर उधळलं," ती कशीबशी म्हणाली. "तोफगोळे पडत होते. पण साखर गेली असती तर मोठ्या आचाऱ्याने यांना सोलून काढलं असतं. तोफांपेक्षा त्याचीच भीती जास्त! धावले खेचरामागे आणि ठेचकाळून पडले ते जखमी साहेबांच्या अंगावर. साहेब ओरडले म्हणून कळलं, जिवंत आहेत. मग घातलं त्यांना खेचरावर, साखरेसोबत."

बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "अशी गोष्ट अख्ख्या दालनात नाही. पदक इथेच राहील," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खेचरासकट सगळं पदकाखालच्या पाटीसाठी लिहून घेतलं.

पाटी लागली त्या दिवशी लोक सोन्याच्या नाण्यांना ओलांडून आचाऱ्याच्या पदकापाशी जमले आणि पोट धरधरून हसले. ते हसू ऐकून मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाने आयुष्यभर छाती काढून मिरवलेला पराक्रम तिने दोन वाक्यांत मातीत घातला होता. संध्याकाळी दालन रिकामं झालं तशी ती फडकं घेऊन काचेजवळ गेली. आधी तिने काच लख्ख पुसली.

"रागावलात? रागवा," ती म्हणाली. "पण इथे, माझ्यासमोर बसून रागवा."