माईच्या कार्डावरच्या चार ओळी

एर्मेलिंडा भित्री होती असं आमच्या गावात जो कोणी म्हणेल, त्याच्या तोंडात मी माझा ट्रंपेट कोंबीन. आधीच सांगून ठेवतो. भित्रे आम्ही. चर्चच्या फेस्ताला नवे सूट शिवणारे, पुढच्या खुर्च्या पकडणारे आणि दुसऱ्याच्या धाडसाला टाळ्या वाजवणारे.

एर्मा तियात्रं लिहायची. नाटक तिचं, गाणी तिची, आणि दोन प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन कांतार म्हणायची तीही तीच. कांतारात कोणाचं नाव घेत नाहीत, पण ज्याच्यावर असतं त्याचे कान लाल होतात. तिच्या बँडमध्ये बावीस वर्षं ट्रंपेट वाजवला तो मी, बोस्त्यांव. गाता गाता ती मान न वळवता नुसता हात वर करायची, की मला कळायचं, सूर चढवायचाय.

मग पंच आवेलिनोनं टेकडी विकली. कोमुनिदादची टेकडी, म्हणजे सगळ्या गावाची. कागद कसे झाले ते देवाला ठाऊक. घेणाऱ्यानं ती कापली, वरची झरी बुजली, खालच्या विहिरी आटल्या, आणि गाव काय करत होतं? घरात बसून शिव्या देत होतं. फेणीच्या दुकानात आवेलिनोला रोज फाशी द्यायचे आणि रस्त्यात दिसला की मालकाला करावा तसा सलाम, "कसं काय, पात्रांव?"

एर्मानं कांतार लिहिलं. फेस्ताच्या स्टेजवर तिनं पहिली ओळ म्हटली आणि लाईट गेली. गेली कसली, घालवली. माईक मेला, की-बोर्ड मेला. अंधारात तिनं दुसरी ओळ एकटीनं म्हटली. तिचा आवाज चिरकला. तिसरी ओळ आलीच नाही. 'वन्स मोर' ओरडून घसा बसवणारं पब्लिक मूग गिळून खुर्च्यांवर बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या भिंतीवर कोणीतरी जळकं तेल फेकलं. आवेलिनोची आई, कोसेसांव माई, साबण नि चिंध्या घेऊन आली आणि दुपारपर्यंत भिंत घासत बसली. तेल एर्मानं सोसलं असतं. पण आठवड्यानं तिची पोर ज्युडिट शाळेतून येत असताना एका मोटरसायकलवाल्यानं तिला अडवलं. म्हणाला, "ममाला सांग, छान गाते हं ती. आणि तू कुठल्या वाटेनं घरी येतेस, तेही आम्हाला माहीत आहे म्हणावं." पोर अकरा वर्षांची. बाप बोटीवर, कुठल्या तरी समुद्रात. एर्मानं वह्या ट्रंकेत घातल्या आणि ट्रंक माळ्यावर टाकली.

आता सांगा, कोण भित्रं?

नऊ वर्षं तिनं एकच गोष्ट लिहिली, मेलेल्यांची कार्डं. आमच्यात माणूस गेलं की महिन्याच्या मासाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, त्याच्या फोटोचं कार्ड वाटतात. फोटोखाली चार ओळी, त्याखाली सगळ्या नातेवाइकांची नावं. 'तू गेलीस, घर सुनं झालं, स्वर्गातून आमच्यावर लक्ष ठेव.' अंधारात मूग गिळून बसलेले तेच लोक केक घेऊन तिच्या दारात यायचे. "एर्माबाय, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही गं!" माझं डोकंच फिरायचं. जिवंत माणसांवर लिहिणाऱ्या बाईला यांनी मेलेल्यांच्या कामाला लावली होती!

गेल्या नोव्हेंबरात कोसेसांव माई गेली. आणि तो निर्लज्ज, आवेलिनो, कार्डासाठी एर्माच्याच दारात आला.

दोन दिवसांनी एर्मा माझ्याकडे आली. मी अंगणात ट्रंपेट पुसत होतो. तिचा चेहरा पांढराफटक. उभ्याउभ्याच म्हणाली, "बोस्त्यांव, मी लिहून दिलं त्याला."

"दिलंस? त्या हरामखोराला?"

"त्याला नाही. माईला." तिनं कागद पुढे केला. मी वाचला.

*झरीवरून कळशी आणून वाढवलंस तू, माई,*
*तहान लागली तरी आता झरी तिथे नाही.*
*देवानं दारात विचारलं, टेकडी कोणी विकली?*
*लेकाचं नाव सांगताना जीभ तुझी अडखळली.*

"येशू बाळा!" मी म्हणालो. "अगं, वेड लागलं का तुला?"

"तो वाचेल. वाचून येईल. ज्युडिट आता बंगळूरला आहे, तिला कोणी काही करणार नाही. माझं काय करायचं ते करू दे त्याला. पण मला फार भीती वाटते रे. गाडीचा आवाज आला की हातातलं भांडं पडतं. पोरीला अडवलं तेव्हापासून पडतंय."

मला तिची कीव आली आणि मग रागच आला. म्हणालो, "त्या दिवशी लाईट गेली नसती ना, तर आपण दाखवलं असतं एकेकाला!"

एर्मानं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिनं तसं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुझा ट्रंपेट लाईटवर चालतो?"

मी फडकं पुन्हा ट्रंपेटवर घासायला लागलो.

"माईक मेला, की-बोर्ड मेला, ते समजलं मला. मी अंधारात दुसरी ओळ म्हटली ती तुझ्या भरवशावर. म्हटलं, बोस्त्यांवला काय, फुंकायचं तर आहे. तू खाली ठेवलास, बोस्त्यांव. लाकडावर ठेवल्याचा आवाज ऐकला मी. मग माझा आवाज बसला."

खोटं नव्हतं. ठेवला होता. माझ्या मुलाची पंचायतीतली नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. ती झाली. नऊ वर्षं मी आवेलिनोला शिव्या देत होतो, गावाला देत होतो, आणि ज्याच्या कानफटात मारायला हवी होती तो रोज सकाळी आरशात दाढी करत होता.

ती गेली. आठ दिवस मी तिच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. तेवढं तरी करावं म्हणून. प्रत्येक मोटरसायकलला ती उठून आत जायची. आवेलिनो काही आला नाही. का आला नाही ते नंतर कळलं. त्या गाढवानं चार ओळी वाचल्याच नव्हत्या! आमच्यात कोण वाचतं? कार्ड हातात आलं की माणूस आधी नावं बघतो. लंडनची सून वर की कुवेतची? जावयाच्या आधी धाकट्या भावाचं नाव का? आवेलिनो छापखान्यात जाऊन तीनदा नावांवरून भांडला. फोटोला सोनेरी चौकट लावून घेतली. ओळी काय, 'तू गेलीस, घर सुनं झालं' असणारच, हे तो धरूनच चालला.

चारशे कार्डं छापली.

महिन्याच्या मासाला गाव लोटलं. आवेलिनोला थाट हवा म्हणून मास संपल्यावर बँड लावून कबरीवर जायचं ठरलं होतं. त्यामुळे मी ट्रंपेट घेऊन चर्चच्या दारात. सकाळचे साडेदहा, डोक्यावर ऊन. त्याची पुतणी दारात प्रत्येकाच्या हातावर कार्ड ठेवत होती. लोकांनी नावं वाचली. मग ज्यांचं नावात काही अडलं नाही, त्यांनी वरच्या ओळी वाचल्या.

पटांगणात आवाज कमी कमी होत गेला. एकजण दात काढून हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. म्हातारी प्रुदेन्सबाय ओरडली, "काय लिहिलंय रे? माझा चष्मा घरी राहिला. कोणीतरी मोठ्यानं वाचा की!"

कोणी वाचेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. पुन्हा तेच! तीच माणसं, तेच मूग. मला वाटलं, आता या प्रत्येकाला धरून हलवावं.

आवेलिनोनं एकाच्या हातून कार्ड ओढलं. वाचलं. मान रक्तासारखी लाल झाली. माणसं बाजूला सारत तो एर्मासमोर आला. "माझ्या मेलेल्या आईच्या कार्डावर घाण करतेस? फाडा सगळी! आणा इकडे! आणि तू, हे लोकांसमोर म्हणून दाखव बघू. आहे हिंमत?"

एर्मानं हातातलं कार्ड समोर धरलं. "तुझ्या आईनं माझी भिंत धुतली होती, आवेलिनो," ती म्हणाली. "तिचं देणं आहे माझ्यावर. प्रुदेन्सबाय, ऐका."

आणि ती गायला लागली. फेस्ताच्या त्याच कांताराची चाल होती. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, अगदी तिथेच, तसाच.

मी ट्रंपेट ओठाला लावला. दात वाजत होते, पहिला सूर फाटका निघाला, कुत्रं भुंकल्यासारखा. आवेलिनो गर्रकन वळला. "बोस्त्यांव! तुझ्या पोराची नोकरी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी फुंकत होतो. असा राग होता आत की फुफ्फुसं पुरत नव्हती.

एर्मानं तिसरी ओळ म्हटली. देवानं दारात विचारलं. आवाज मोकळा, चर्चच्या भिंतीवरून परत येत होता. प्रुदेन्सबायनं काठी जमिनीवर आपटून ताल धरला. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" आणि मग आणखी कोणी.

एर्मानं मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

"पहिल्यापासून, बोस्त्यांव," ती म्हणाली. "आणि अर्धा सूर वर घे."

मी घेतला.