दुसऱ्या केबलचा रस्ता

आमच्या संस्थेत घराघरांतल्या जुन्या पोथ्या स्कॅन करतात आणि तो साठा ज्या स्टोरेजच्या डब्यात असतो, तो मी सांभाळतो. डब्याच्या मागे दोन केबल. पहिली ऑफिसच्या नेटवर्कला. दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीकडे जाणाऱ्या लाइनला, कारण प्रत्येक पोथीची एक नक्कल रोज तिथल्या यंत्रात जायची. तिकडचा माल दुसऱ्या केबलनं धाडायचा हे डब्याला आपणहून कळत नाही. तो रस्ता आपण लिहून द्यावा लागतो. मी दिला. दोन दिवस नकला बिनबोभाट पोचल्या आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

पुढच्या आठवड्यात काकांच्या पोथ्या आल्या. काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, इथे बनारसातच दुर्गाघाटावर याज्ञिकी करतात. पोथ्या त्यांच्या आजोबांच्या हातच्या. समासात बारीक अक्षरात घराण्याच्या रिवाजांच्या खुणा, ज्या दुसऱ्या कुठल्याच पोथीत नाहीत. वाळवीनं पानांची चाळण केली होती. स्कॅन झाल्यावर काका त्या न्यायला आले.

"पक्कं ना रे? सगळं आलंय ना त्यात?"

"दोन जागी आहे काका. एक जळलं तरी दुसरं आहे."

"मग ह्या आता गंगाजींना देऊन टाकतो. असं जीर्ण घरात ठेवत नाहीत."

एकदा दुसरीकडचं यंत्र उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "द्या." एवढंच नाही, नावेत त्यांच्याबरोबर बसलो. लाल फडक्यात बांधलेलं ते ओझं मीच त्यांच्या हातात दिलं.

महिन्याभरानं व्होल्टेज असं चढलं की डबा आतून जळाला. डिस्कांवरून काही निघणार नाही, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. मी निर्धास्त होतो. नकला आणायला दुसऱ्या इमारतीत गेलो, तर तिथे फक्त पहिल्या दोन दिवसांचा माल.

रस्ता मी लिहिला होता, पण कायमचा जतन केला नव्हता. तिसऱ्या दिवशी बत्ती गेली, डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि रस्ता विसरला. त्यानंतरची प्रत्येक नक्कल पहिल्या केबलनं निघाली आणि ऑफिसच्या गेटवेवर, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच, अडली. बनारसात बत्ती जाणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. डबा रोज इशाऱ्याची मेल पाठवत होता. मी एकही उघडली नव्हती.

काकांना सांगितलं तेव्हा ते दर्भाच्या काड्या निवडत होते. हातातली काडी त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला काय जल्दी होती रे? तू म्हणाला असतास तर आणखी राहू दिल्या असत्या घरात."

त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. मला आजही तसंच वाटतं.

संस्थेला अहवाल हवा होता. कारणाच्या रकान्यात मी 'वीजपुरवठ्यातील बिघाड' असं लिहिलं. खाली पोथ्यांच्या मालकाची सही लागत होती, म्हणून कागद घेऊन मीच दुर्गाघाटावर गेलो. काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, कारणाशी थांबले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि 'तक्रार नाही' असं लिहून सही केली.